आपल्या शिवारातल्या पाणंदी आणि पायवाटा: मोकळ्या कशा करायच्या आणि टिकवायच्या कशा?

शिवारफेरी (सातारा जिल्हा)

नमस्कार.

आमच्या गावठाणापासून मळ्यातल्या वस्तीकडे जाणारी पाणंद साधारण सव्वा किलोमीटरची आहे. वस्तीवर अकरा घरे आहेत. मधला चारशे मीटरचा टप्पा निव्वळ काळ्या मातीचा असल्यामुळे पावसाळ्यात तिथे दुचाकी चालत नाही. सकाळी वेळेत दूध संकलन केंद्रावर पोहोचले नाही तर ते घेतले जात नाही, म्हणून तेवढा टप्पा बायका दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन पार करतात. गेल्या श्रावणात मी त्या वाटेने येत असताना माझ्या पुढे सहावीतली एक मुलगी चालली होती. तिने शाळेचे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दप्तराला अडकवले होते आणि एका हाताने बाभळीच्या फांद्या बाजूला सारत ती चिखलातून एकेक पाय उपसून टाकत होती. शाळेजवळच्या हातपंपावर तिने पाय धुतले, पिशवीतला फडका काढून पुसले आणि बूट घातले. हे ती पावसाळाभर रोज करते. गावात कुणालाही त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

त्यानंतर मी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल मिळवली. त्यावर ही पाणंद दुहेरी तुटक रेषेने स्पष्ट दाखवलेली आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी ती सहा फूटसुद्धा उरलेली नाही. गावातल्या एका जाणत्या आजोबांना बरोबर घेऊन मी ती टोकापासून टोकापर्यंत चाललो. एके ठिकाणी दोन्ही बाजूंच्या उसाने दरवर्षी एक-एक सरी पुढे सरकत वाट आवळली आहे, एके ठिकाणी वेड्या बाभळींचे रान माजले आहे, आणि ओढ्याच्या उतारावर काठ ढासळून बैलगाडी उतरण्याची जागाच नाहीशी झाली आहे. याशिवाय शेजारच्या गावच्या देवळाकडे जाणारी एक जुनी पायवाट होती. ती नकाशावर एकेरी तुटक रेषेने दिसते, पण शेतात तिचा मागमूसही नाही.

माझे प्रश्न असे आहेत. नकाशावरची वाट आणि जमिनीवरची वाट यांची सांगड अधिकृतपणे कशी घालायची? तहसील कार्यालयात कोणत्या कलमाखाली जावे, की आधी गावातच प्रयत्न करावा? वाट मोकळी झाल्यावर ती पुन्हा बुजू नये म्हणून आपापल्या गावांत आपण काय केले आहे? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त भूकरमापक

आपण नकाशापासून सुरुवात केलीत, हे फार चांगले केलेत. बहुतेक लोक भांडणापासून सुरुवात करतात आणि नकाशा शेवटी मागवतात.

सर्वप्रथम एक नकाशा पुरेसा नाही, हे लक्षात घ्यावे. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. त्या उलथापालथीत जुन्या नकाशावरच्या काही पायवाटा गट नकाशावर उतरल्याच नाहीत. म्हणून एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे नकाशा आणि नंतरचा गट नकाशा या दोन्हींच्या नकला घ्याव्यात, आणि ज्या नंबरांतून वाट जाते त्यांची मोजणीची टिपणेही काढावीत. जुन्या टिपणांत काही वेळा वाटेची जागा पोटखराब, म्हणजे लागवडीखाली न येणारी, म्हणून दाखवलेली आढळते. तसे असेल तर त्या जागेवर शेतसारा आकारलेला नव्हता, ही गोष्ट चर्चेत फार उपयोगी पडते.

रुंदीबद्दल सांगायचे तर आमची जुनी मोजणीची साखळी 33 फुटांची होती. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, हे आपल्याला माहीत असेलच. पायमार्ग सव्वाआठ फूट आणि गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट असे जे आकडे सांगितले जातात, त्यांतले सव्वाआठ म्हणजे पाव साखळी आणि साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी. सहा फुटांवर आलेली आपली पाणंद मुळात केवढी असावी, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

आता कलमांविषयी. येथे दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळे कित्येक अर्ज फेटाळले गेलेले मी पाहिले आहेत. रस्ता अस्तित्वात असून कुणी तो अडवला असेल, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जावे लागते. मात्र अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते, आणि साध्या अर्जाऐवजी दाव्याच्या स्वरूपात सर्व तपशील द्यावा लागतो. शेताला जायला रस्ताच नसेल आणि नव्याने हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 लागू होते. या कलमाखाली तहसीलदार दुसऱ्यांच्या जमिनीच्या सीमेवरून, म्हणजे बांधावरून रस्त्याचा हक्क ठरवू शकतात. कुणाच्या शेताच्या मधोमध वाट काढून देणे हा या कलमाचा हेतू नाही. त्या निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

आपल्या प्रकरणात उसाची सरी पुढे सरकली आहे, ती एका दिवसात नव्हे तर पंधरा-वीस वर्षांत. त्यामुळे सहा महिन्यांची मुदत कधीपासून मोजायची, हा वाद पहिल्याच तारखेला उपस्थित होईल. पण गावनकाशावरचा सार्वजनिक रस्ता ही खाजगी मालकीची जमीन नाही. संहितेच्या कलम 20 प्रमाणे असे रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मालकीच्या असतात. म्हणून त्याच्या बाबतीत वहिवाटीचा वाद न घालता हद्द कायम करून अतिक्रमण काढण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीलाही दिलेला आहे. तो वापरला जात नाही, ही वेगळी गोष्ट.

बांधावरचा शेतकरी (सोलापूर जिल्हा)

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, आणि या विषयात आमचे म्हणणेही कुणीतरी मांडायला हवे म्हणून लिहीत आहे.

माझ्या वडिलांच्या नावे एकूण तीस गुंठे जमीन आहे. तिच्या एका अंगाने 330 फूट लांबीचा रस्ता मागितला जात होता. बारा फूट रुंदी धरली तर 3,960 चौरस फूट, म्हणजे साडेतीन गुंठ्यांपेक्षा जास्त जागा जाते. ज्याची दहा एकर आहे त्याला साडेतीन गुंठे म्हणजे काहीच नाही. आमच्या दृष्टीने ते वर्षभराच्या ज्वारीतले दोन महिने आहेत. मी अडवणारा ठरलो, गावात नाव खराब झाले, बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यांतही तो विषय निघाला. माझे म्हणणे एवढेच होते की रस्ता बांध मध्ये धरून दोन्ही बाजूंनी सारखा घ्यावा. शेजारी मोठा होता, त्याला ते मान्य नव्हते, आणि गावाने त्याला विचारायचे टाळले.

अखेर मंडळ अधिकाऱ्यांनी पंचनाम्याच्या वेळी दोन्ही शेतांत दोरी धरली आणि बांधाच्या दोन्ही बाजूंनी सहा-सहा फूट घेतले. माझी पावणेदोन गुंठ्यांच्या आसपास जागा गेली. मी त्याच दिवशी सही केली. त्यामुळे शिवारफेरी यांना माझी विनंती आहे की जे लोक वाट अडवतात त्यांच्याकडे आधी एकट्याने जाऊन बसा. चारचौघांत बोट दाखवल्यावर माणूस मागे फिरू शकत नाही.

शिवारफेरी (सातारा जिल्हा)

दादा, आपण मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. आमच्याकडे उसाची सरी पुढे आलेल्यांत एक घर खरोखरच अल्पभूधारक आहे आणि मी त्यांच्याकडे अद्याप गेलेलो नाही. या आठवड्यात जाईन.

पांदणवाट (अमरावती जिल्हा)

आमच्या वऱ्हाडात पाणंदीला पांदण म्हणतात आणि बांधाला धुरा. शब्द वेगळे असले तरी दुखणे तेच आहे. सोयाबीन काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला की मळणीयंत्र शेतापर्यंत नेता येत नाही आणि गंजी शेतातच भिजते.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची माहिती द्यावीशी वाटते. आपल्याकडे गावनकाशाखेरीज आणखी दोन अभिलेख असतात आणि ते पाहायला बहुतेक जण विसरतात. एक निस्तार पत्रक, ज्यात गावातल्या शासकीय पडीक जमिनीचा वापर कशासाठी करायचा हे लिहिलेले असते. दुसरा वाजिब-उल-अर्ज, ज्यात दुसऱ्याच्या जमिनीवरून पाणी नेण्याच्या, येण्याजाण्याच्या आणि मासेमारीच्या गावच्या रूढी नोंदवलेल्या असतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 161 आणि 165 मध्ये या दोन्हींचा उल्लेख आहे. आमच्या गावच्या वाजिब-उल-अर्जात गुरे पाणवठ्यावर नेण्याची वाट कोणत्या नंबरांतून जाते, हे शब्दांत लिहिलेले निघाले. नकाशावर ती रेषा नव्हती. मोडीतून आलेले ते जुने वळणदार अक्षर वाचायला आम्हाला गावातल्या एका निवृत्त मास्तरांना बोलवावे लागले. त्यांनी भिंग घेऊन एकेक ओळ वाचली आणि आम्ही ती वहीत उतरवून घेतली. ती वही नंतर तहसील कार्यालयात वाचून दाखवली तेव्हा विरोध करणाऱ्या कुटुंबातल्या म्हाताऱ्या बाईच म्हणाल्या, की होय, माझे सासरे याच वाटेने गुरे सोडत असत.

कागद शोधायला वेळ लागतो, पण कागद सापडला की आवाज चढवावा लागत नाही.

पाखाडी (रत्नागिरी जिल्हा)

कोकणातला प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्याकडे गाडीरस्त्यापेक्षा माणसाच्या पायाखालच्या वाटा अधिक. घरापासून देवळापर्यंत, देवळापासून नदीपर्यंत, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), पऱ्ह्यावरचे (ओहोळावरचे) साकव म्हणजे लहान पूल, गडग्यात (दगडी कुंपणात) ये-जा करायला ठेवलेली बेडी. या वाटा कुणाच्या ना कुणाच्या आगरातून किंवा कातळावरून जातात, आणि कागदावर त्यांची नोंद फारच थोडी आहे. जोपर्यंत जमीन गावातल्याच माणसाकडे होती तोपर्यंत नोंदीची गरज कुणालाच भासली नाही. आता घरे बंद आहेत, माणसे मुंबई-पुण्यात आहेत, आणि जमीन विकत घेणारा बाहेरचा माणूस पहिले काम करतो ते तारेचे कुंपण घालण्याचे. त्याची तरी संपूर्ण चूक म्हणता येत नाही, कारण त्याला विकताना कुणी सांगितलेलेच नसते की या कोपऱ्यातून वाडीची नदीवर जायची वाट आहे.

आमच्या वाडीत असेच झाले. नदीवरची वाट बंद झाली आणि बायकांना धुणे घेऊन मोठ्या रस्त्याने वळसा पडू लागला. वर्षभर सगळे कुरकुरले. शेवटी गणपतीत चाकरमानी आले तेव्हा वाडीची बैठक झाली, आणि दोघातिघांनी नव्या मालकाशी बोलावे असे ठरले. मालकांची भीती होती ती गुरे आत शिरून कलमे खातील, याची. तेव्हा वाडीने स्वतःच्या खर्चाने कुंपणात दोन खांबांच्या मधून माणूस वळून जाईल पण गुरे जाणार नाहीत अशी नागमोडी वाट ठेवून दिली, पाखाडीचे निखळलेले चिरे पुन्हा बसवले, आणि मालकांनी वाट ठेवल्याचे कागदावर लिहून दिले. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

देखभालीचे सांगतो. जांभ्याची पायरी पावसाने झिजत नाही, ती तिच्याखालची माती वाहून गेल्याने निखळते. म्हणून पाखाडीच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा आडवा चर ठेवणे, ही सगळ्यात मोठी दुरुस्ती. शेवाळ काढायला आम्ही मे महिन्याच्या शेवटी आणि गणपतीच्या आधी असे दोनदा जातो, घरटी एक माणूस. ज्या घरचे कुणी गावात नाही ते मजुरीचे पैसे पाठवतात. आमच्या पाखाडीला 96 पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक घराला त्यांतल्या आठ-आठ वाटून दिलेल्या आहेत.

बांधकाम-अभियंता

शिवारफेरी यांच्या काळ्या मातीच्या टप्प्याबद्दल लिहितो, कारण बहुतेक पाणंद रस्त्यांचे पैसे इथेच वाया जातात.

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावर थेट मुरूम पसरला तर पहिल्या पावसाळ्यात चाकांच्या दाबाखाली मुरूम मातीत रुततो आणि चिखल वर येतो, मग पुढच्या वर्षी पुन्हा मुरूम. हे चक्र तोडायचे असेल तर आधी पाण्याची व्यवस्था करावी लागते. दोन्ही बाजूंना चर खणून त्यांतून निघालेल्या मातीने मधला भाग उंच उचलावा, तो दबाई करून घ्यावा, त्यावर दगडी सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), मग खडी, आणि शेवटी मुरूम असा क्रम ठेवावा. प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबावा. माथा मध्ये किंचित फुगीर ठेवला म्हणजे पाणी दोन्ही चरांत जाते. जिथे शेतातले पाणी रस्ता ओलांडते तिथे सिमेंटची नळी टाकून मोरी करावी. ती न केल्यास शेतकरी पाणी काढण्यासाठी रस्ताच फोडतो, आणि त्याला तसे करण्यावाचून गत्यंतर नसते.

ओढ्याच्या उतारावर मोठा खर्च न करता दोन्ही काठांना दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) आणि पात्रात फरशी करून घ्यावी. पूल झालाच पाहिजे असा हट्ट धरल्यामुळे दहा-दहा वर्षे काहीच न झालेली ठिकाणे मी पाहिली आहेत.

निधीसाठी राज्य शासनाने नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, ती रोजगार हमीच्या कामांशी जोडलेली होती. सध्या कोणत्या योजनेतून काम बसते ते ग्रामरोजगार सेवकांकडे जाऊन विचारावे. रोजगार हमीच्या कामांत मजुरी आणि साहित्य यांच्या खर्चाचे प्रमाण 60:40 राखावे लागत असे, त्यामुळे साहित्यप्रधान असलेला पाणंद रस्ता एकटा बसत नसे. त्याच्या जोडीला त्याच गावात वृक्षलागवड, शोषखड्डे, बांधबंदिस्ती अशी मजूरप्रधान कामे घ्यावी लागत. याचा आराखडा एकत्रित करून ग्रामसभेत मंजूर करून घेतला तर काम अडत नाही. अतिक्रमण काढून हद्द निश्चित झाल्याखेरीज मात्र अंदाजपत्रक करायला घाई करू नये.

शेतावरची (नाशिक जिल्हा)

या चर्चेत एक गोष्ट राहून जात आहे, ती मला मांडायची आहे. वाटांची यादी करताना पुरुष मंडळी ट्रॅक्टरची वाट सांगतात. विहिरीची वाट, सरपणाची वाट, अंगणवाडीची वाट, बाळंतिणीला दवाखान्यात नेण्याची वाट ही त्या यादीत येत नाही, कारण त्या वाटेने यादी करणारे चालत नाहीत. आमच्या वस्तीवरून एका गरोदर बाईला खाटेवर घालून चौघांनी पाणंदीतून मुख्य रस्त्यापर्यंत आणले, तिथे रुग्णवाहिका उभी होती. अंतर किती, तर सहाशे मीटर. वेळ लागला पाऊण तास. बाई आणि बाळ दोघे सुखरूप आहेत, पण त्या पाऊण तासात मी तिचा हात धरून चालत होते आणि ते मी विसरू शकत नाही.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, असे कायद्यात आहे. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. आम्ही ती खरोखर भरवली आणि एकच विषय ठेवला: तुम्ही रोज कोणत्या वाटेने कुठे जाता? जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला आणि प्रत्येकीने आपल्या वाटेवर दाणे ठेवले. ज्या वाटेवर सर्वांत जास्त दाणे पडले ती स्मशानाजवळून ओढ्याकडे जाणारी पायवाट होती, आणि ती ग्रामपंचायतीच्या कोणत्याही कागदावर नव्हती. आता ती रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 23 मध्ये घालावी असा ठराव झाला आहे.

डर्बीशायरवासी (इंग्लंड)

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, गेली बारा वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या सार्वजनिक पायवाटांबद्दल लिहिले तर चर्चेला उपयोग होईल, असे वाटले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचे जाळे सुमारे 2,25,000 किलोमीटरचे आहे. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावरून चालत जाण्याचा हक्क सर्वांचा. हे आपोआप झालेले नाही. मी राहतो त्याच भागातल्या किंडर स्काउट या डोंगरपठारावर 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार बंदी मोडून चालत गेले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. पुढे 1949 च्या कायद्याने प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायचा, असे ठरले. त्या नकाशावर वाट आली की तो निर्णायक पुरावा मानला जातो. मालक बदलला तरी वाट जात नाही. 2000 सालच्या कायद्याने डोंगर आणि माळरानांवर मोकळेपणी चालण्याचा हक्क दिला आणि स्थानिक पातळीवर शेतकरी, चालणारे व इतर संबंधित यांनी एकत्र बसून सल्ला द्यायचा, अशी मंडळेही नेमली.

दोन गोष्टी मला विशेष वाटतात. पहिली म्हणजे वाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडल्यापासून चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून किमान एक मीटर रुंद ठेवावी लागते. बांधाच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरायचीच नाही. दुसरी गोष्ट, कुंपणावरची पायरी किंवा फाटक दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी जमीनमालकाची, पण त्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा तो स्थानिक प्रशासनाकडून मागू शकतो. हक्क सर्वांचा आणि बोजा एकट्याचा, असे होऊ नये यासाठी ही व्यवस्था आहे. बांधावरच्या शेतकऱ्यांनी वर जे लिहिले आहे ते वाचताना मला हीच तरतूद आठवली.

आणखी एक साम्य सांगतो. इथे लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अडथळ्याशिवाय चालले असतील तर ती सार्वजनिक वाट म्हणून नोंदवण्याची मागणी करता येते. आपल्या 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमातही वहिवाटीच्या हक्काला वीस वर्षांचीच मुदत आहे. फरक एवढाच की इथे ती सिद्ध झालेली वाट सार्वजनिक नकाशावर चढते आणि आपल्याकडे ती दोन कुटुंबांच्या दाव्याच्या फायलीत राहते.

वाटेच्या तोंडाशी लाकडी खांबावर पिवळा बाण असतो. खर्च नगण्य, परंतु नवख्या माणसाला कळते की आपण कुणाच्या शेतात घुसलेलो नाही, आणि शेतकऱ्यालाही कळते की हा माणूस वाट सोडून जाणार नाही.

निवृत्त भूकरमापक

शेवटच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो. आपल्याकडेही आता नोंदीचा मार्ग खुला होत आहे. मे 2025 मध्ये राज्य शासनाने शेतरस्त्यांची रुंदी किमान तीन ते चार मीटर असावी आणि मंजूर रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात घ्यावी, असा निर्णय काढला. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिले ते असे, की तहसीलदारांचा आदेश होतो, रस्ता मोकळा होतो, आणि दहा वर्षांनी जमीन विकली जाते तेव्हा नवा मालक सातबारा दाखवून म्हणतो, यात रस्ता कुठे आहे? म्हणून ज्यांच्याकडे जुने आदेश पडून आहेत त्यांनीही ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्यांकडे, फेरफारासाठी अर्ज द्यावा.

घाटवाट (पुणे)

आम्ही सुटीच्या दिवशी सह्याद्रीत चालणारे लोक या विषयाशी पाहुणे म्हणूनच संबंधित आहोत, तरी एक विनंती करायची आहे. नाणेघाटासारखी वाट, जिथे सातवाहनांच्या काळातला लेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही आहे, ती सर्वांना माहीत आहे. पण घाटमाथ्यावरून कोकणात बाजाराला उतरण्याच्या कितीतरी लहान वाटा खालच्या वाड्यांतल्या दोन-चार म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरल्या आहेत. गावे जर आपल्या वाटांची यादी करत असतील तर या वाटाही तिच्यात घ्याव्यात. आमच्यापैकी ज्यांच्याकडे साधने आहेत ते गावकऱ्यांबरोबर चालून आखणी करून देतील, आणि ती आखणी ग्रामपंचायतीकडेच राहील. जंगलातल्या वाटेबाबत वनखात्याची परवानगी आणि गावाच्या वनसमितीची संमती आधी घ्यावी, हे आम्ही पाळतो.

आमच्याकडून होणारी हानीही मान्य करायला हवी. पावसाळ्यात शेकडो माणसे नागमोडी वळणे सोडून सरळ उतरतात, त्या रेषेतून पाणी धावते आणि दोन वर्षांत वाटेची घळ होते. वळण तोडू नये म्हणून आम्ही आता आडव्या फांद्या आणि दगड रचून सरळ उतार बंद करत जातो.

शिवारफेरी (सातारा जिल्हा)

सर्वांनी दिलेल्या माहितीमुळे काम पुष्कळ पुढे गेले आहे, म्हणून कळवतो.

ऊसवाल्या अल्पभूधारक काकांकडे मी दोनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच विचारले, की समोरच्याची सरी मागे जाणार का? मी समोरच्यांकडून तसे कबूल करून घेतल्यावर ते तयार झाले. मात्र उभा ऊस मोडणार नाही, तोडणी झाल्यावर खोडवा ठेवताना दोन सऱ्या सोडीन, असे म्हणाले. ही मागणी रास्त आहे आणि सर्वांनी ती मान्य केली. महिला सभा येत्या शनिवारी आहे. रांगोळीच्या नकाशाची कल्पना ताईंच्या परवानगीने आम्ही घेत आहोत. त्यानंतर दोन्ही नकाशांची ट्रेसिंग करून, चुन्याची फक्की आणि टेप घेऊन पूर्ण शिवार चालायचे ठरले आहे. हद्द कायम करण्याच्या मोजणीचे पैसे ग्रामपंचायत भरणार आहे.

भूकरमापक काकांना एक प्रश्न आहे. देवळाकडच्या हरवलेल्या पायवाटेचा शोध घेताना बांधाच्या कडेला घाणेरीच्या जाळीत एक घडीव दगड सापडला. कमरेएवढा उंच, वरच्या तोंडावर फुलीसारखी खूण, आणि एका बाजूला झुकलेला. शेतमालक तो सरळ करून बाजूला रोवू का, असे विचारत आहेत. हा शिवेचा दगड असू शकेल का?

निवृत्त भूकरमापक

असू शकतो, पण फुलीवरून खात्रीने सांगता येणार नाही. टिपणाशी ताडून पाहावे लागेल. तोपर्यंत कुणालाही तो सरळ करू देऊ नका. दगड झुकलेला असला तरी त्याचे बूड मूळ जागेवर असू शकते आणि मोजणीला तेच लागते. हद्दीची खूण हलवणे संहितेच्या कलम 145 खाली दंडास पात्र आहे, हेही त्यांना समजावून सांगा. जाळी हाताने तोडा, यंत्र लावू नका. मोजणीची तारीख मिळाली की मला कळवा, प्रकृती बरी असली तर मी स्वतः येईन.